शवासनाचा तास

"डोळे मिटा. मी बघून राहिलो."

सरांचा तास या वाक्यानं सुरू व्हायचा आणि खरं सांगायचं तर तिथंच संपायचा. सभागृहाच्या दारात ते आधी बूट काढत, गळ्यातली शिट्टी खिशात टाकत आणि पायमोज्यांवर आत येत. तोवर पोरं-पोरी सतरंज्यांवर आडवी झालेली असत. मग हे वाक्य. त्यानंतर तास संपेपर्यंत बोलणं नाही, नुसत्या येरझाऱ्या.

आमच्या कॉलेजात ते शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते आणि मी ग्रंथपाल. लातूरच्या ज्या भागात आमचं कॉलेज आहे, तिथं या दोन्ही पदांना काय किंमत असते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. रस्त्याच्या दोन्ही अंगांना क्लास, क्लासच्या वर वसतिगृहं, खाली मेस आणि उरलेल्या जागेत मागच्या वर्षी चमकलेल्या पोरांचे फलक. अकरावीला पोरं येतात ती डॉक्टर व्हायला. पहाटे क्लास, मग हजेरीपुरतं आमचं कॉलेज, दुपारी पुन्हा क्लास, संध्याकाळी चाचणी आणि जेवण झालं की अभ्यासिका. अभ्यासिकेतून सगळ्यांच्या आधी कोण उठलं, याच्यावर सगळ्यांचं लक्ष. माझ्या ग्रंथालयात सगळ्यांत जास्त वाचला गेलेला मजकूर म्हणजे भिंतीवरचा 'शांतता राखा'.

मी मूळची नांदेडची, लग्न होऊन लातूरला आले. सर औशाचे. किल्ल्याजवळच्या जुन्या मोहल्ल्यात घर, भावांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, घरी म्हातारी अम्मी. रोज एसटीनं येऊन-जाऊन करायचे. ग्रंथालय आणि सभागृह समोरासमोर, आणि काम नसलेली माणसंही आम्ही दोघंच, त्यामुळे चहा एकत्र. "मॅडम, चहा पिऊन राहिलो, येता का?" असं ते दारातून विचारायचे, तेव्हा चहा अजून आलेलाही नसायचा.

तरुणपणी सर खो-खो खेळायचे. राज्याच्या संघापर्यंत पोचले होते. आता पोट सुटलं होतं, पण व्हरांड्यात चालता चालता एकदम गिरकी घेऊन वळायची सवय गेली नव्हती. समोरून येणारा शिपाई दचकायचा आणि सर त्याला "आऊट" म्हणायचे.

त्यांनी सुरुवातीला पोरांना खेळवून पाहिलं होतं बरं का. मैदानाचा अर्धा भाग अभ्यासिकेच्या इमारतीनं खाल्लेला, उरलेल्या अर्ध्यावर चुन्याच्या रेघा मारून त्यांनी खो-खो मांडला. पोरं यायची, सांगितलं तर पळायची, थांबा म्हटलं की थांबायची. पळताना कुणी ओरडत नव्हतं. हरलेलं कुणी भांडत नव्हतं. सरांना त्याचाच जास्त त्रास व्हायचा. "भांडत न्हाईत हो मॅडम," ते म्हणायचे. "खो-खोत भांडण न्हाई म्हणजे काय खेळ झाला का?"

एकदा ते चहाला आले तेच हसत. नांदेड जिल्ह्यातल्या इस्लापूरकडची एक मुलगी होती अकरावीत, खो-खोच्या रांगेत उकिडवी बसलेली. पाठलाग करणाऱ्या मुलीनं येऊन तिच्या पाठीवर थाप मारली, खो दिला, पण ही उठेचना. पुन्हा थाप, पुन्हा खो. सर जवळ गेले तर बाई झोपलेली.

"उकिडवं बसून, बोटं जमिनीला टेकवून झोपली होती मॅडम. पडली बी न्हाई. एवढा तोल मी राज्याच्या संघात पाहिला न्हाई."

मी पण हसले. मग सरांचं हसू कमी कमी होत गेलं आणि कपात अर्धा चहा ठेवून ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी ते प्राचार्यांकडे गेले आणि लेकरांना झोप पाहिजे म्हणाले. प्राचार्य म्हणाले, झोप घरी घ्यायची असते, इथं शिकायचं असतं. सर परत आले. आठवडाभरानं पुन्हा गेले ते 'एकाग्रता' हा शब्द घेऊन. काम पाच मिनिटांत झालं. वेळापत्रकात आमच्याकडे 'योग व एकाग्रता' असा तास आला, मधल्या सुट्टीच्या आधीचा. पालक खूश झाले. पुढच्या वर्षीच्या प्रवेशपुस्तिकेत सतरंज्यांवर ओळीनं पडलेल्या पोरांचा फोटो छापला गेला. तुम्ही तो पाहिला असता तर तुम्हालाही आपलं पोरगं तिथं घालावंसं वाटलं असतं.

"सर, बाकीची आसनं कधी शिकवणार?" मी विचारलं.

"मला एकच येतंय मॅडम," सर म्हणाले. "आणि त्यांना बी एकच पाहिजे."

माझ्या टेबलावरून समोरचं दार सरळ दिसायचं. पोरं पहिल्या काही आठवड्यांत कशी झोपायची ते मी पाहिलं आहे. कूस न बदलता, तोंड उघडं टाकून, हात जिथं पडला तिथं. सर मधून मधून फिरायचे. कुणाचा चष्मा नाकावरून काढून उशाशी ठेवायचे. पंख्याच्या थेट खाली मुली पडल्या असतील तर पंखा एक घर कमी करायचे. रमजानमध्ये स्वतः पहाटे सहरीला उठून, रोजा धरून औशाहून आलेले असायचे, डोळे तांबारलेले, तरी भिंतीला टेकून बसलेलं मी त्यांना पाहिलं नाही. मी एकदा म्हटलं, सर, तुम्ही पण पडा की जरा. तर म्हणाले, "मी बघून राहिलो म्हणून सांगितलंय ना त्यांना. त्या भरवशावर पडलेत ते."

आता मी काही भावुक बाई नाही. ग्रंथालयात वर्षानुवर्षं एकटी बसून माणसाचं सगळं जरा बोथट होत जातं. ही पोरं मला पहिल्यापासून एकसारखीच दिसत आली होती. कशी आहेस? ठीक. जेवण कसं आहे? ठीक. चाचणी कशी गेली? ठीक. घरची आठवण येते का? न्हाई, ठीक आहे. एवढंच बोलणं. तासामुळे काही फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं.

पडला. आधी मेसच्या भाजीवरून भांडण झालं. पोरांनी ताटं परत केली आणि मेसवाला प्राचार्यांकडे तक्रार घेऊन आला. सर इतके खूश झाले की त्यांनी त्या दिवशी मला समोसा आणला. मग ती इस्लापूरची मुलगी एके दिवशी माझ्या दारात उभी राहिली.

"मॅडम, अभ्यासाचं नसलेलं पुस्तक हाय का?"

कित्येक वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी उठून तिला कपाटांपाशी नेलं. तिनं दोन-तीन पुस्तकं चाळून एक जाड कादंबरी निवडली. एवढी मोठी? मी विचारलं. "थोडी थोडी वाचून राहीन," ती म्हणाली. मग रोज दोन मिनिटं येऊन कादंबरीत काय चाललंय ते सांगायची. त्यातल्या नायिकेवर तिचा भारी राग होता. "एवढी शिकलेली बाई हाय मॅडम, आणि एक बस पकडून निघून जायला काय होतंय हिला?" पुस्तकातल्या बाईवर चिडणारं पोरगं मी आमच्या कॉलेजात पहिल्यांदा पाहत होते. तिच्या गणिताच्या शिक्षकांनीही स्टाफरूममध्ये तिचं नाव काढलं, की हल्ली ही प्रश्न विचारते.

आणि एक दिवस पोरांनी सतरंज्या उलगडल्याच नाहीत. सर बूट काढायला वाकले होते. एक मुलगा म्हणाला, "सर, आज झोप न्हाई आली. खो-खो खेळू का?" बाकीच्यांनी री ओढली. सर वाकलेले तसेच राहिले. मग पुन्हा बुटाच्या नाड्या बांधून मैदानावर गेले. पाऊस होऊन गेलेला, जमीन ओली होती. त्या दिवशी पोरं ओरडली, पडली, चिखलात लोळली आणि खुंटाजवळ कुणी बाद झालं की नाही यावरून दोन गटांत जोराची बाचाबाची झाली. सर मधे उभे राहून दोन्ही बाजूंना "हाव, तुझं बी बरोबर हाय" म्हणत होते. चहाला आले तेव्हा त्यांच्या पँटला चिखल होता.

"मी काय सांगितलं न्हाई त्यांना," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "त्यांनीच मागितलं."

असं ते चाललं असतं. पण संस्थेच्या अध्यक्षांना पालक मेळाव्यात योगाचं प्रात्यक्षिक ठेवायची इच्छा झाली.

सर माझ्याकडे योगासनांचं पुस्तक मागायला आले. होतं एक. कपाटाला धरून, एका पायावर उभं राहून त्यांनी वृक्षासन करून पाहिलं आणि खाली पाय टेकवत म्हणाले, "हे झाड औशात टिकलं नसतं." तरी पोरांना दोन आसनं बसवली आणि शेवटी आपलं शवासन ठेवलं.

मेळाव्याला सभागृह गच्च भरलं होतं. आदल्या रात्री पोरांची मोठी चाचणी झाली होती. पहिलं आसन नीट झालं. वृक्षासनाला मधली रांग एकमेकांवर कोसळली, लोकांनी हसून टाळ्या वाजवल्या. मग पोरं आडवी झाली. आणि सरांची एक चूक झाली, त्यांना सवयच होती. माईक हातात घेऊन ते नेहमीसारखं म्हणाले, डोळे मिटा, मी बघून राहिलो.

पोरांनी ऐकलं.

थोड्या वेळानं उठायचं ठरलं होतं. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. सर म्हणाले, उठा. कुणी हललं नाही. पुन्हा म्हणाले. मागच्या रांगेतून कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज आला आणि पालकांत हशा पिकला. प्राचार्य सरांच्या कानाशी येऊन म्हणाले, शिट्टी मारा. सरांचा हात खिशात गेला. तसाच राहिला. माईक चालू असल्यामुळे त्यांचं पुढचं वाक्य आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"थोडं राहू द्या की सर."

तेव्हा एक गृहस्थ उठले. पांढरा सदरा, उन्हानं काळवंडलेला चेहरा. इस्लापूरच्या मुलीचे वडील. घरची हळद, कापूस, स्वतः राबणारा माणूस. ते रागानं बोलले नाहीत. खरंच कळेना म्हणून विचारतात तसं त्यांनी विचारलं, "साहेब, आम्ही लेकरं इथं झोपायला धाडली का?"

हशा थांबला. अध्यक्षांनी स्वतः जोरजोरात टाळ्या वाजवल्या, पोरं गोंधळून उठली. मुलगी सगळ्यांत शेवटी उठली, गालावर सतरंजीची वीण उमटलेली, आणि समोर बापाला बघून पटकन ओढणी सारखी करून उभी राहिली.

नंतर पालकांच्या ग्रुपवर जे झालं ते मी वाचलं नाही, पण अंदाज आला. सोमवारी वेळापत्रक बदललं. 'योग व एकाग्रता' गेलं आणि त्या जागी रोजची सराव चाचणी आली. तीही सभागृहात, आणि देखरेखीला सरच. झोपणाऱ्याला उठवायचं, एवढंच त्यांचं काम. सभागृहात कॅमेरा बसवला.

सरांनी कुणाला उठवलं नाही. उत्तरपत्रिकेवर कुणाची मान पडली की ते त्या बाकापाशी जाऊन उभे राहायचे, पाठ कॅमेऱ्याकडे करून. दुसरीकडे कुणी पेंगलं की तिकडे. एकाच वेळी दोघं झोपले तर मधे कुठं उभं राहिल्यावर दोघं झाकतील ते शोधायचे. एवढ्या मोठ्या देहाचा शेवटी काहीतरी उपयोग झाला, असं मला म्हणाले. ऑफिसात पडद्यावर बघणाऱ्याला हे कळायला वेळ लागला नाही. प्राचार्यांनी विचारलं, तुम्ही तासभर एकाच जागी का उभे राहता? "गुडघे दुखून राहिलेत," सर म्हणाले.

संस्थेची देगलूरच्याही पुढं, राज्याच्या सीमेजवळ एक शाळा आहे. सरांची बदली तिथं झाली.

शेवटच्या दिवशी ते चहाला आले. अम्मीला घेऊन जाणार होते. "तिला बरं वाटंल तिकडं. अर्धं तेलगू, अर्धं कानडी, तिचं दक्खनी बी खपून जातंय." मला काहीतरी बोलायला हवं होतं हे कळत होतं. पण आतून काही आलंच नाही. वाईट वाटत नव्हतं, रागही येत नव्हता. पोरं म्हणतात तसं, ठीक होतं. आमचा चहा पिऊन झाला आणि ते गेले.

इस्लापूरच्या मुलीनं कादंबरी परत आणून दिली. निम्मीही वाचून झाली नव्हती. तुझ्यासाठी ठेवून देऊ का, मी विचारलं. नको म्हणाली. आवडली नाही? "ठीक होती." मग ती व्हरांड्यातून जाताना दिसायची, पण आत वळायची नाही. बारावीच्या परीक्षेच्या आधी ती घरी निघून गेल्याचं वसतिगृहाच्या बाईंनी सांगितलं. अशा पोरी दरवर्षी दोन-चार जातात. मी ऐकून घेतलं आणि पुस्तकांची धूळ झटकत राहिले.

हे अलीकडचंच. परवा दुपारी तिचे वडील ग्रंथालयाच्या दारात आले. मी लगेच ओळखलं नाही, इतके ते वाळले होते. सर कुठं बसतात, त्यांनी विचारलं. सर इथं नाहीत, मी सांगितलं. ते खुर्चीच्या टोकावर बसले.

"लेकरू झोपत न्हाई मॅडम. रातभर डोळे उघडे. दिवसा बी न्हाई. अभ्यास सोड म्हणलो, परीक्षा राहू दे म्हणलो, डॉक्टर होऊ नको म्हणलो. नुसतं आढ्याकडं बघून राहते. नांदेडला दाखवलं, गोळ्या चालू हायेत. तिच्या मायनं विचारलं, बाई, तुला कुठं झोप येत होती गं? तर म्हणली, सरांच्या तासाला." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "कोणतं आसन होतं मॅडम ते? तेवढं लिहून द्या. आम्ही घरी करून घेतो तिच्याकडून."

मी काय लिहून देणार होते? मी फोन लावला. त्यांना नीट ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. सरांनी उचलला. पाठीमागं पोरांचा गलका होता, कुणीतरी तेलगूत तावातावानं भांडत होतं. मी कोण आलंय ते सांगितलं. वडिलांनी फोनवर वाकून आपला प्रश्न पुन्हा विचारला.

 सर म्हणाले, "आसन-बिसन काय नव्हतं दादा. लेकरं पडायची, मी जागा राहायचो."

"मग तुम्ही एक दिवस या की सर. गाडी धाडतो."

"मी आलो तर ती उठून बसंल, सर आले म्हणून. तुम्ही बसा. तिच्या खोलीच्या दाराशी, बाहेर. आत डोकावू नका, झोपलीस का विचारू नका. बाप बसलाय एवढं तिला कळलं म्हणजे झालं."

"त्यानं झोपंल का?"

"ते मला न्हाई माहीत दादा. मी डॉक्टर न्हाई. माझ्याकडं एवढंच होतं."

वडिलांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाले, "सर, मी जन्मात कधी नुसता बसलो न्हाई. काम नसलं की मला बसवत न्हाई. कसं बसायचं असतंय?"

"आता बसलाय ना खुर्चीवर? मागं टेका. हां. मॅडम हायेत तिथं. मी बी हाय. बसा."

ते मागं टेकले. हात गुडघ्यांवर ठेवले आणि दाराकडे तोंड करून बसले. सर बोलायचे थांबले.  सुरुवातीला ते दोनदा सदऱ्याच्या खिशाकडे हात नेऊन परत आणत होते, मग तेही थांबलं. कित्येक महिन्यांची जागरणं होती त्यांची, आता माझ्या लक्षात आलं. मुलीबरोबर तेही जागेच असणार. डोळे मिटायला लागले, उघडले, पुन्हा मिटले. मान एका बाजूला गेली.

बऱ्याच वेळानं टेबलावरून अगदी बारीक आवाज आला.

"मॅडम, गेले का ते?"

"नाही," मी म्हटलं. "झोपले."

 पलीकडे पोरांचा गलका लांब गेला होता, बहुधा सर मैदानापासून बाजूला आले असावेत. ठेवू का फोन, मी विचारलं.

"न्हाई," सर म्हणाले. "राहू द्या."

समोर सभागृहात चाचणी सुटली, पोरं पायऱ्या उतरून गेली. नांदेडच्या गाडीची वेळ झाली आणि टळली. मी उठून दार लोटून घेतलं आणि पुन्हा येऊन बसले.